पाटी नको, हजेरीपट दाखवा

येत्या रविवारी आमच्या वस्तीत मीटिंग आहे. विषय एकच. गोदीत ज्या कंपनीचा माल आम्ही उतरवतो ती कंपनी वस्तीत अभ्यासिका बांधून द्यायला तयार झालीय. पत्र्याची नाही, स्लॅबची. पन्नास पोरं बसतील एवढी जागा, पंखे, कपाटं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. दारावर बाबासाहेबांचं नाव, आणि त्याखाली कंपनीची पाटी. मंडळातली निम्मी पोरं म्हणतात, घ्या. निम्मी म्हणतात, थुंका त्यांच्या तोंडावर. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. म्हणून हे लिहितोय.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत आहे. कविता लिहितो. अर्थशास्त्राचं पुस्तक मी पाळी संपल्यावर, डोळे मिटत असताना वाचलंय. तरी कंपनी समाजाचं काय देणं लागते, या प्रश्नावर बोलायचा हक्क वातानुकूलित खोलीत बसलेल्यांपेक्षा मला जास्त आहे. कारण हे देणं ज्याचं आहे तो मी आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका भावाच्या पायावर स्टीलची कॉइल सरकली. नाव लिहीत नाही, त्याची केस चालू आहे. ओल्या लाकडावर ठेवलेली, नीट आवळून न बांधलेली कॉइल. वजन दहा टनांच्या वर. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, त्या दिवशी हा माझ्या हजेरीत नव्हता. खरंच नव्हता! कारण ठेकेदारानेच त्याचा पास महिनाभर रखडवला होता आणि दुसऱ्याच्या नावावर त्याला आत घातलं होतं. पाय त्याचा गेला, हजेरी दुसऱ्याची लागली.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातच लिहिलं होतं की, ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाच्या कामावर जखमी झाला तर मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजाच्या राज्यात हे लिहिलं गेलं. पण भरपाई मागायला तू कामावर होतास हे दाखवावं लागतं. ते दाखवायला हजेरीपट लागतो. आणि हजेरीपट कोणाच्या टेबलाच्या खणात असतो? ज्याच्याविरुद्ध केस आहे त्याच्या. कायदा आमच्या बाजूला होता, कागद त्यांच्या बाजूला होता. कोर्टात कागद बोलतो.

म्हणजे कंपनीने कायदा मोडला का? तिच्या फायलीत नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण दिल्याच्या सह्या आहेत. हेल्मेट वाटल्याची यादी आहे. ठेकेदाराचं लायसन आहे. तपासायला येणाऱ्या साहेबाने फाईल पाहिली, चहा प्याला, गेला. कायद्याचं पालन शंभर टक्के. आणि वहिनी आता चार घरची भांडी जास्त घासतात.

यानंतर तीन महिन्यांनी त्याच कंपनीचा समाजकार्याचा कार्यक्रम झाला. मला बोलावलं, कारण मी "गोदीतला कवी". मी गेलो. कविता वाचली. टाळ्या झाल्या. शाल, नारळ आणि अकराशे रुपयांचं पाकीट. मी घेतलं. त्यातून आईला चपला आणल्या. ही गोष्ट मी लपवत नाही. लपवली तर रविवारी तोंड उघडायचा मला हक्क नाही. पण त्या स्टेजवरून समोर पाहिलं तेव्हा पहिल्या रांगेत तोच साहेब होता, आणि शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला कुबडी टेकून, आमचा भाऊ. तो बिर्याणीसाठी आला होता. मी त्या दिवशी त्याच्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय.

मिल्टन फ्रीडमन नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होता. १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात त्याने लेख लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. धंद्याची समाजाविषयी जबाबदारी एकच, नियमांच्या आत राहून नफा वाढवणं. मॅनेजर जर कंपनीच्या पैशाने समाजसेवा करू लागला, तर तो भागधारकांचा पैसा उधळतो. आपल्याकडच्या भाषेत, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. समाजाचं भलं करायचं तर निवडून आलेल्या सरकारने कर लावून करावं, कोणी न निवडलेल्या साहेबाने नव्हे. पुढे १९७६ साली या माणसाला नोबेल मिळालं.

आमच्यातले काहीजण त्याला एका शिवीत उडवतात. मी उडवत नाही. त्याच्या म्हणण्यातला एक तुकडा मला पटतो. वस्तीत अभ्यासिका हवी की संडास हवा की दवाखाना हवा, हे कंपनीच्या साहेबाने का ठरवावं? त्याला कोणी मत दिलं? अभ्यासिका बांधणं महापालिकेचं काम आहे, ती मागणं आमचा हक्क आहे. साहेबाकडून ती मिळाली की हक्काचं दान होतं, आणि नागरिकाचा याचक होतो. हात पसरायचा नाही हे बाबासाहेबांनी आमच्या आजोबांना शिकवलं. पुढे केलेला हात आम्ही पुन्हा कशाला पसरू?

पण फ्रीडमनचं बाकीचं गणित दोन ठिकाणी चुकतं.

पहिलं ठिकाण म्हणजे नियम. तो म्हणतो नियमांच्या आत राहा. अरे, पण नियम कोण करतं? कधी करतं? नियम आभाळातून पडत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता. तिथे आमच्या माणसाला घेत नसत. का? तर धाग्याची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. महाराच्या तोंडाची उष्टी कांडी सवर्ण विणकराला चालत नसे. यात गिरणीमालकाने कोणता कायदा मोडला? एकही नाही. तसा कायदाच नव्हता. माल निघत होता, नफा होत होता, नियम पाळले जात होते. आणि फक्त मालकच नाही, लाल बावट्याखालचे कामगारही गप्प होते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा युनियनवाल्यांच्या घशाखाली तो मोठ्या मुश्किलीने उतरला. फ्रीडमनच्या तराजूत त्या गिरण्या निर्दोष. आमच्या तराजूत नाहीत.

रविवारची सुट्टी घ्या. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सुट्टी मागितली तेव्हा मालक म्हणू शकत होते, कायद्यात कुठे आहे? १८९० साली मालकांना ती कबूल करावी लागली. फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली ती पुढच्या वर्षी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असण्याच्या काळात कारखान्याच्या आठवड्याचे तास ५४ चे ४८ करणारी दुरुस्ती आली, १९४६ साली. त्याआधी ५४ तास राबवून घेणारा मालक कायदा पाळणाराच होता. म्हणजे कायदा म्हणजे काय, दोस्तांनो? काल आम्ही जेवढं ओढून आणू शकलो तेवढी खूण. नफेवाला म्हणतो, त्या खुणेच्या पुढे माझं काही देणं नाही. आम्ही म्हणतो, देणं आधीपासून होतं, कायदा उशिरा पोचला.

आणि कायदा उशिरा पोचतो तेव्हा तो प्रेतांवरून चालत येतो. आमच्याच गोदीचं उदाहरण. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी बाबासाहेबांचा वाढदिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाची बोट उभी होती. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. दारूगोळ्याजवळ कापूस हे आमचा अडाणी मुकादमसुद्धा करणार नाही. पण लढाई चालू होती, घाई होती, एरवीचे नियम सैल केलेले होते. दुपारी आग लागली. चारच्या सुमाराला बोट फुटली, मग पुन्हा फुटली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण म्हणून आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळलाच पाहिजे. पण एकूण माणसं किती मेली? कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. मधल्या पाचशेंचं काय? ज्यांची नावं हजेरीपटावर असतात त्यांचा आकडा पक्का असतो. ज्यांची नसतात ते "सुमारे" मध्ये जातात. व्हिक्टोरिया डॉक आता बुजवलाय. "सुमारे" अजून बुजलेला नाही. आमचा भाऊ त्याच "सुमारे" मधला.

चाळीस वर्षांनी भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी मिक वायू सुटला. टाकी थंड ठेवणारं यंत्र काही महिने आधीच बंद केलेलं. वायू जाळून टाकायचा मनोरा त्या वेळी जोडलेला नव्हता. हजारो माणसं मेली, आणि मेली ती कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांतली. गरीब, मुसलमान, दलित, रेल्वे स्टेशनवरचे हमाल. मग कायद्याने आपलं काम केलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. अमेरिकेत बसलेला कंपनीचा मोठा साहेब अँडरसन २०१४ मध्ये वारला, एकदाही भारतातल्या कोर्टात खटल्याला उभा न राहता. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाढीव भरपाईची मागणी फेटाळली. कारखान्यात पडलेला ३३७ टन विषारी कचरा भोपाळबाहेर निघाला जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी! कोर्टाच्या हिशेबात खातं बंद. भोपाळच्या बाईच्या फुप्फुसात ते चालूच आहे. कायदा पाळणं म्हणजे देणं फेडणं नव्हे, याला यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. भोपाळनंतर दिल्लीतल्या एका कारखान्यातून वायू सुटला, त्या खटल्यात १९८६ साली सुप्रीम कोर्टाने नवं तत्त्व सांगितलं. धोक्याचा धंदा करणाऱ्याने नुकसान झालं तर भरपाई द्यायचीच, आम्ही काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. आणि कंपनी जेवढी मोठी तेवढी भरपाई मोठी. बघा, कायदा हलतो. पण तो हलावा म्हणून आधी भोपाळ व्हावं लागलं.

फ्रीडमनचं दुसरं चुकलेलं ठिकाण. तो समजतो की कंपनी स्वतःच्या पायावर उभी आहे, समाज बाजूला आहे, आणि समाजाला काही दिलं तर ती मेहेरबानी. खोटं आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचं जातं ते फक्त शेअरपुरतं. त्याचं घर, त्याच्या बायकोचे दागिने सुरक्षित. ही सवलत कोणी दिली? समाजाने, कायदा करून. माझ्यावर सावकाराचं कर्ज झालं तर माझं भांडंकुंडं जातं. मला कुठाय मर्यादित जबाबदारी? गोदी कोणी बांधली? सरकारी पैशाने आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या पाठीने. रस्ते, रेल्वे, समुद्र कोणाचा? मला लिहायला-वाचायला शिकवलं महापालिकेच्या शाळेने, म्हणून मी कंटेनरवरचा नंबर वाचू शकतो. त्या शिकवणीचे पैसे कंपनीने दिलेत? आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं आणि वर म्हणायचं, माझं कोणाचं काही देणं नाही!

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. कंपनी नफा आणि कायद्याच्या पलीकडे देणं लागते. पण ते दान नाही, उधारी आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. उधारीचा हिशेब असतो, आणि हिशेब मागायला घेणेकरी दारात उभा राहू शकतो.

आता सरकार म्हणतं, आम्ही केलाय की कायदा. कंपनी कायदा, २०१३, कलम १३५. वर्षाला पाच कोटी नफा, किंवा हजार कोटी उलाढाल, किंवा पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ) असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. आमची अभ्यासिका त्यातूनच येणार. वाचायला बरं वाटतं. पण नियमांत एक गंमत आहे. जे काम फक्त कंपनीच्या स्वतःच्या कामगारांसाठी असेल ते यात धरत नाहीत. आता बघा कशी पकड आहे. आमचा भाऊ भरपाई मागायला गेला तर, तू आमचा कामगार नाहीस. मग तो समाज झाला ना? समाज म्हणून गेला तर काय मिळेल? दोन टक्क्यांतून बिर्याणी. कंपनी उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावते हे विचारायचं नाही. कॉइल ओल्या लाकडावर ठेवून कमावते का, दुसऱ्याच्या नावावर माणूस आत घालून कमावते का, हे दोन टक्क्यांच्या अहवालात येत नाही. तिथे फोटो येतात. शाल घेतानाचा माझाही असेल.

त्याच कायद्यात कलम १६६ आहे. त्यात लिहिलंय की संचालकांनी भागधारकांबरोबर कामगारांचं, समाजाचं आणि पर्यावरणाचंही हित पाहायचं. म्हणजे फ्रीडमन या देशाच्या कायद्यातच हरलाय! पण आमच्यातल्या किती जणांना हे कलम माहीत आहे? आणि त्याचा जाब संचालकांच्या मीटिंगमध्ये कोण विचारणार? तिथे आमची खुर्ची नाही.

आमचे काही मित्र म्हणतील, हे सगळं सुधारणावादी रडगाणं आहे. भांडवलदाराकडून नीती मागणं म्हणजे लांडग्याला माळ घालणं. क्रांती झाली की बघू. मी त्यांना विचारतो, क्रांती होईपर्यंत आमच्या भावाने कुबडीवर थांबायचं का? आणि बाबासाहेब तर तुमच्यापेक्षा पुढे गेले होते. १९४७ साली त्यांनी संविधान सभेला दिलेल्या निवेदनात मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं मांडलं. कारण त्यांनी ओळखलं होतं की ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी असते तो खासगी मालक राहत नाही, तो सरकारच होतो. सरकारवर संविधान लागू होतं. मग या दुसऱ्या सरकारवर का नाही? त्यांचं ते मागणं मान्य झालं नाही. पण प्रश्न मेलेला नाही. कंपनी जर आमच्यावर राज्य करत असेल, तर तिने राज्यासारखी जबाबदारी घ्यावी. राजा प्रजेला बिर्याणी वाटतो. लोकशाहीत हिशेब द्यावा लागतो.

तर रविवारी मी काय म्हणणार आहे ते इथेच लिहून ठेवतो.

थुंका म्हणणाऱ्यांना सांगेन, आपल्या पोरी जिन्यात बसून अभ्यास करतात. स्वाभिमानाची किंमत त्यांनी एकट्यांनी का भरायची? घ्या म्हणणाऱ्यांना सांगेन, फुकटच्या पंख्याखाली बसलेली पोरं उद्या त्याच कंपनीविरुद्ध साक्ष द्यायला उठतील का, याचा विचार करा. मग माझा ठराव मांडेन. अभ्यासिका आम्ही महापालिकेकडे मागणार, मोर्चा काढून. कंपनीला पत्र देणार, त्यात तीन ओळी. एक, मागच्या पाच वर्षांत तुमच्या कामावर जखमी झालेल्या आणि मेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव जाहीर करा, ठेकेदाराचा असो की बदलीचा. दोन, रोज गेटमधून आत गेलेल्या प्रत्येकाची हजेरी त्याच्याच नावावर लावा आणि त्याची पावती त्याच्या हातात द्या. तीन, आमच्या भावाच्या पायाचे पैसे द्या. यातलं काहीही कायद्याच्या बाहेरचं नाही, आणि यातलं काहीही तुम्ही आजवर केलेलं नाही. हे करा, मग अभ्यासिकेचं बोलू. तेव्हाही दारावर तुमची पाटी लागणार नाही. उधारी फेडणाऱ्याची कोणी पाटी लावत नाही.

ठराव पडेल कदाचित. आमच्या घरातच एक मत फुटलेलं आहे, बहिणीला स्लॅब हवाय. मी तिला दोष देत नाही.

पण त्या दिवशी मी स्टेजवर गप्प बसलो होतो. या रविवारी बसणार नाही. आमचा भाऊ येणार आहे. या वेळी त्याला पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलंय.

जय भीम.